आधी सेव्ह

लाइट गेली की दाभोळच्या खतिजाचाचीच्या सायबर कॅफेतलं इंटरनेटचं मशीन नवी सेटिंग विसरायचं. म्हणून कॅफेचं नेट सांभाळणाऱ्या रितेशने तिच्या कॉम्प्युटरवर एक बटण करून दिलं होतं. ते दाबलं की सेटिंग मशीनमध्ये सेव्ह व्हायची. "आधी हे दाबायचं, मगच मशीन बंद करायचं," असं त्याने तिला दहादा बजावलं होतं.

आज चारला चाचीच्या नवऱ्याचं, जैनुद्दीनचाचांचं, कुवेतमध्ये हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी पाच मिनिटं ते वेबकॅमवर दिसणार होते. चित्र स्वच्छ यावं म्हणून रितेशने दापोलीत बसून मशीनची सेटिंग बदलली. एक आकडा चुकला आणि कॅफेचं नेटच तुटलं.

नशीब, ही चूक अजून सेव्ह झाली नव्हती. मशीन नुसतं बंद करून चालू केलं की जुनी सेटिंग परत येणार होती. त्याने लगेच फोन लावला.

"चाची, मशीन बंद करून चालू करा. आत्ताच्या आत्ता!"

"केलं रे."

"आलं नेट?"

"नाय रे, अजून नाय..." चाचीचा आवाज रडवेला झाला.



"पण तू घाबरू नको. मी आधी तुझं बटण दाबलं, मगच बंद केलं."