टवका उडालेला मणी

जुने काचमणी ओळखायला मला आत्यानं शिकवलं, पोटापाण्याला लावलं. काच ओठाला गार लागते, प्लास्टिक लागत नाही. खूप वापरलेल्या मण्याचं भोक दोऱ्यानं झिजून गुळगुळीत होतं. नजर अधू झाल्यावरही आत्या बोटांनी आणि ओठांनी मणी निवडायची.

फक्त टवका उडालेल्या एका मण्यावरून आमचं वाजायचं. तो एरवी काळा दिसायचा, उन्हात धरला की गडद जांभळा. आत्या तो हटकून काळ्यांच्या वाटीत टाकायची.

"अगं, उन्हात धरून बघ ना!"

"तुझे डोळे धडधाकट आहेत, तू बघ. मला काळा म्हणजे काळा."

आत्या गेल्यावर तिचा डबा माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी सगळे मणी टेबलावर ओतले आणि पसारा तसाच ठेवून झोपले. सकाळी ते रंगांप्रमाणे वाट्यांत लागलेले होते. टवक्याचा मणी काळ्यांत.

भीती कसली? मला हसूच आलं. मग रोज रात्री मी सगळे मणी पुन्हा एकत्र ओतायचे, आणि रोज सकाळी तो मणी काळ्यांतून काढत म्हणायचे, "आत्या, तुझे उपकार कसे गं फेडू?"

आज तो जांभळ्यांच्या वाटीत होता.

"दिसला बाई एकदाचा!" म्हणत मी तो खिडकीत नेला. ऊन गालाला चटके देत होतं. मणी डोळ्यांसमोर धरला.

काळा.

फिरवून पाहिला, तरी काळाच. मग पिवळ्यांच्या वाटीतला एक उचलून धरला.

तोही काळा. खिडकीतलं ऊनही काळंच.