साखरेचं कारण

ह्यांच्या मधुमेहासाठी लेकीने ह्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची मी, आकडा भरायचा मी, ताटात मोजूनमापून वाढायचं मी. ह्यांनी फक्त संध्याकाळी एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं: 'आज साखर का वाढली असेल? शांतपणे विचार करा.' हे डोळे मिटून इतका विचार करायचे, की मलाही वाटायचं, चला, माणूस सुधारतोय.

ह्यांच्या कोटाच्या खिशाला मात्र मुंग्या लागायच्या. आतला क्रीमच्या बिस्किटांचा चिकट चुरा मी नाक मुरडत खरवडून काढायचे आणि गप्प बसायचे. म्हटलं, लाज वाटेल तेव्हा स्वतःच लिहितील.

तीन महिन्यांनी ॲपचा अहवाल आला. ह्यांना चष्मा सापडेना. "अगं, वाच की जरा मोठ्याने."

मी वाचलं. "एकूण नोंदी नव्वद. गोड खाल्ल्याची नोंद एकही नाही. एक्क्याऐंशी वेळा तुम्ही एकच कारण लिहिलंत: बायकोची कटकट. या कारणापासून पंधरा दिवस लांब राहून पाहा."

"यंत्र आहे गं ते, त्याला काय कळतंय," हे खिसा चाचपत पुटपुटले. बोटांना चुरा चिकटलेला होताच.

 

मी 'सल्ला मान्य' दाबलं, सुयांची डबी त्याच चिकट हातात ठेवली आणि माझी बॅग भरायला घेतली.