केशरी पाय

नामशेष पक्ष्यांच्या चित्रप्रदर्शनात एक म्हातारा एकाच चित्रापुढे खिळून उभा होता. त्या जातीच्या शेवटच्या पक्ष्याला प्राणिसंग्रहालयात दाणापाणी घालणारा राखणदार तोच, हे कळताच ते चित्र काढणारा चित्रकार त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. तीस वर्षांपूर्वी चित्र काढताना समोर होता पेंढा भरलेला पक्षी, पायांचा रंग पार उडालेला. राखणदाराचं घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. पण विचारायला जायचा कंटाळा केला. ताटलीत केशरी रंग उरला होता, तोच त्यानं पायांना फासला, आणि पुढे सगळ्या पुस्तकांनी तोच उचलला. “साहेब, याचे पाय काळेकुळकुळीत होते हो. रोज मीच धुवायचो,” म्हातारा म्हणाला. “पण एवढ्या पुस्तकांत केशरी आहेत, म्हणजे माझंच चुकत असणार. वय झालं आता, नाही का?” चित्रकाराची मान खाली गेली. म्हाताऱ्याला तो होकार वाटला. चित्रकारानं वाटू दिला.