शिंदळ माकुडी

शिलाईची मशीन जीपमध्ये चढली तेव्हा राजेश्री चहा गाळत होती. तिच्या सख्ख्या भावानं, परमेश्वरनं, ड्रायव्हरला हाताशी धरून ती उचलून नेली होती. तिला विचारलं नव्हतं. आधी मशीन उचलायची, मग माणूस आपोआप मागं येतं, असा त्याचा कयास.

ताडकळसच्या बाजाररोडवर तिची ही एकच खोली. पुढं शिलाई, पडद्यामागं संसार. बाजेवर तिचे थोरले दीर व्यंकटराव ऐसपैस बसले होते. नवरा महारुद्र बाहेर, जीपमध्येच. नऊ वर्षांनी बायकोला न्यायला आला होता, पण खाली उतरणं काही त्याला जमेना.

"मायनं अंथरूण धरलंय," व्यंकटराव म्हणाले. "घरात बाईमाणूस पाहिजे. मागचं काही उकरायचं न्हाई. कपडे भर."

"लोकं लय बोलायलेत," परमेश्वर दारातून म्हणाला. "आमच्या पोरीला, अपेक्षाला, दोन स्थळं येऊन गेली. आत्या कुठं असती, हाच पहिला सवाल."

परमेश्वरनं समजूत घालायला बायकोलाही आणलं होतं. "चल, राजेश्री," पार्वतीबाई म्हणाली. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

राजेश्रीनं आधी पाणी दिलं. व्यंकटराव अर्धा पेला प्याले. उरलेलं पाणी आपल्याकडं कुणी फेकत नाही, त्यांनीही फेकलं नाही. हात लांबवून खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि पुण्य केल्यासारखे हसले.

"वाळून चाललंय की. पाणी घालीत न्हाईस का?"

कुंडीत झाड म्हणावं असं काही नव्हतंच. बोटाएवढ्या जाड पाच-सहा करड्या-हिरव्या काड्या. जानेवारी चालू होता, काड्यांवर एक पान नव्हतं.

राजेश्रीनं चहाचं भांडं खाली ठेवलं. जमिनीवर पेपर पसरला, कुंडी आडवी केली. ओला मुरूम आणि विटांचे तुकडे पेपरवर पडले. तिनं काड्या मुळासकट बाहेर काढल्या आणि ब्लाउजच्या एका चिंधीनं एकेक मूळ टिपायला लागली. चहा तसाच राहिला.

"दिवाळीपासून थेंब दिला न्हाई हिला," ती म्हणाली. "मिरगापर्यंत देणार बी न्हाई. झोपलेली असती. ही तहानेनं मरत न्हाई, भावजी. पाण्यानं मरती. कुणाला तरी दया येती, पेलाभर ओततंय, आन आठ दिवसांत मुळं सडतेत."

"असल्या काड्यांचं एवढं काय कौतिक?"

"पुण्याकडं कड्याकपारीला येती. आता लय थोडी राहिलीय म्हणं. कॉलेजच्या मॅडम ब्लाउज न्यायला आल्या तवा त्यांनी फांदी दिली. पाऊस सरता सरता फूल येतं. काळपट लाल, पाच पाकळ्याचं."

"नाव काय?" व्यंकटरावांनी विचारलं. बोलण्यात बोलणं म्हणून विचारलं.

"शिंदळ माकुडी."

परमेश्वर बाहेर रस्त्याकडं बघायला लागला. व्यंकटरावांनी पेला खाली ठेवला.

"बाईमाणसानं असला शब्द तोंडात घेऊ न्हाई."

"तुमी घेतला होता की. नऊ वर्षांखाली, पारावर, चार माणसांत. मलाच म्हणले होते. तवा अर्धंच नाव घेतलं होतं, एवढंच."

आवाज चढवून बोलली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं. भांडण मिटवता येतं. पण ती गिऱ्हाइकाला मापं वाचून दाखवावीत तशी बोलत होती.

"हिच्या जातीच्या बाकीच्यांना पानं न्हाईत," मुळं टिपत तिनं पुढं सांगितलं. "हिलाच पावसाळ्यात येतेत, चांगली मोठी. कुळासारखी दिसत न्हाई, म्हणून ठेवलं असंल नाव. दुसरं काही केलेलं न्हाई तिनं." मग मान वर करून म्हणाली, "दादा, मशीन उतरव."

"येडी झालीस का? पुन्हा न्यायला कुणी येणार न्हाई."

"नका येऊ."

"मग माझ्या दारात बी पाय ठेवू नको. राखीला न्हाई, दिवाळीला न्हाई. मेलीस तरी येणार न्हाई मी."

हे मात्र तिला लागलं. भाऊ एकच होता, आणि आई-बाप कधीच गेले होते. तिनं चिंधीनं शेवटचं मूळ टिपलं. डोळे भरून आले ते तिनं लपवलेही नाहीत. मग काड्या एकीला एक चिकटू नयेत अशा पेपरवर मांडल्या, पेपर पंख्याच्या वाऱ्यापासून दूर सरकवला आणि उठून बाहेर गेली.

बाजारचा दिवस होता. भाजीवाल्या बाया माना वळवून बघत होत्या. राजेश्रीनं जीपचं मागचं फाळकं पाडलं आणि मशीन कडेपर्यंत ओढली. पायानं चालवायची जुनी मशीन, खालचा सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा. एकट्या बाईला उचलणारी नव्हती. ड्रायव्हरनं परमेश्वरकडं पाहिलं. परमेश्वरनं नकाराची मान हलवली, तसा ड्रायव्हर जागचा हलला नाही. पुढच्या सीटवर महारुद्र मोबाइलमध्ये बघत राहिला.

तिनं पुन्हा जोर लावला. मशीनचा एक पाय खाली आला, दुसरा फाळक्यात अडकला, सगळं ओझं तिच्या मनगटावर. सुटली असती तर पाय तुटला असता, मशीनचा नाहीतर तिचा. तेवढ्यात ओझं हलकं झालं.

पार्वतीबाईनं पदर खोचून दुसरी बाजू धरली होती.

दोघींनी मशीन जमिनीवर घेतली, दम खाल्ला, पुन्हा उचलली. परमेश्वर दारात आडवा उभा राहिला.

"सोड ती. पार्वती, सोड म्हणतोय ना."

सगळा बाजार बघत होता. पार्वतीबाईच्या हाताच्या शिरा तटतटल्या होत्या. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"वाट सोडा," ती म्हणाली. "जड हाय."