सात वर्षांचा विनोद

पळून गेलेला हुकूमशहा सापडला म्हणून बगदादभर लोक हवेत गोळ्या झाडत होते. आमच्या चहाखान्यात मात्र सगळ्यांनी सबीह चांभाराला घेरलं. हुकूमशहावर केलेल्या एका विनोदापायी तो सात वर्षं तुरुंगात सडला होता आणि सुटल्यावर तो विनोद त्याने बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

"आता कुणाच्या बापाची भीती? सांग की."

सबीहने सवयीने आधी दाराकडे बघितलं. मग घसा खाकरून विनोद सांगितला आणि एकटाच हसला.

बाहेरच्या गोळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

चहावाले अबू जासिम रिकामे पेले उचलत म्हणाले, "राग मानू नकोस, सबीह. पण त्या हरामखोराने जन्मात एकच निकाल बरोबर दिला, तो तुझा."