न उडालेली काडतुसं

“ही तुमच्याच हातची ना?”

पाहुण्याने वर्तमानपत्राची पुडी टेबलावर सोडली. आत चार काडतुसं होती, अंगठ्याएवढी जाड, हिरवी पडलेली.

आर्डिथने त्यांना लगेच हात लावला नाही. आधी फडक्याला हात खसाखसा पुसले, मग एक उचलून खिडकीपाशी धरलं. गोळीच्या टोकावर केसाएवढी रेघ होती. तिच्या साच्याला पडलेला ओरखडा प्रत्येक गोळीवर तसाच उमटायचा. तसा साचा अख्ख्या मोंटानात एकच होता आणि तो तिच्या पाठीमागच्या फळीवर होता.

“माझीच,” ती म्हणाली. “बस. कॉफी घे.”

तो बसला. आपलं नाव लॉइड, डोंगरापलीकडे मेंढ्या राखतो, एवढंच त्याने सांगितलं.

त्या जाड नळीच्या, लिव्हरच्या रायफली कारखान्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या. काडतुसं तर आर्डिथच्या लग्नाआधीच दुकानांतून गेली. पण माणसं आजोबाची रायफल सोडतात थोडीच! ती लांबलांबून रिकाम्या पुंगळ्या घेऊन तिच्याकडे येत. ती पुंगळ्या दाबून मापात आणी, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवी, काळी दारू मोजून भरी आणि वर शिशाची गोळी दाबी. हे सगळं ती डाव्या हाताने करी. सेल्मर, म्हणजे तिचा नवरा, गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती शिडीवरून पडली होती, निदान गावाला तिने तसं सांगितलं होतं, आणि उजवं मनगट वाकडंच जुळलं. तरी तिचा बार फुकट गेल्याची तक्रार कधी आली नाही.

सेल्मर दहा वर्षांपूर्वी वासरं मारणाऱ्या अस्वलामागे डोंगरात गेला, तो परत आलाच नाही. शोधणाऱ्यांना त्याची हॅट सापडली, रायफल नाही. मग काय, गावाला विषय मिळाला. कोणी म्हणे अस्वलाने खाल्ला, कोणी म्हणे खाणावळीतल्या पोरीबरोबर नेवाडाला पळाला. कोर्टाने त्याला मेलेला ठरवलं, पण पाद्रीबुवांच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. आणि येत्या शनिवारी धान्याच्या कोठारावरच्या नील्सशी आर्डिथचं लग्न होतं. सेल्मर जिवंत असला तर लग्नही संपलं आणि तीही संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“ही कुठे मिळाली?” तिने आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

“वर डोंगरात. एका रायफलीशेजारी चारी पडली होती, हातभर जागेत.” लॉइडने कप नुसताच फिरवला. “बाई, यांच्या बुडाला खड्डा पडलाय बघा. म्हणजे चाप ओढलेला आहे. मग उडाली का नाहीत?”

आर्डिथने काडतुसं उलटी केली. चारही टोप्यांवर खोल, स्वच्छ खड्डा होता. खट. लिव्हर खाली, नवं काडतूस आत. पुन्हा खट. समोर ते जनावर चालून येतंय आणि पुन्हा नुसतंच खट.

“टोपीला तेल लागलं की ती मरते,” ती म्हणाली. “सेल्मरचे हात कायम तेलकट. शंभरदा सांगितलं असेल, अरे बाबा, हात पुसून काडतूस धर.”

“चारही मेल्या?”

“नाहीतर ओल लागली असेल. तिकडे बर्फ काय कमी असतो?”

“तुमचा बार फुकट जात नाही म्हणतात.”

“म्हणणाऱ्यांचं काय घेऊन बसलास! माझा केकही चांगला होतो म्हणतात.”

लॉइड हसला नाही. त्याने खिशातून पक्कड काढली. “एक उघडून बघू?”

“नको!” ती जवळजवळ ओरडलीच. मग सावरून म्हणाली, “जुना माल आहे रे. हातात फुटलं तर बोटं जातील. ठेवून जा, मी पुरून टाकते.”

त्याने पक्कड खिशात घातली. आर्डिथने काडतुसं डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. म्हणजे सेल्मर पळाला नव्हता. तो अस्वलासमोर उभा राहिला होता आणि तिथून परत आला नव्हता. दहा वर्षं दारात पाऊल वाजलं की तिचा श्वास अडकायचा. आज तो सुटला. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

“नवी काडतुसं हवी आहेत,” लॉइड म्हणाला. “याच मापाची.”

“म्हणजे रायफल तूच ठेवणार तर.”

“माझी कुठली? ज्याची आहे त्याला हवीत.”

तिने डोळे पुसले. काहीतरी करायचं म्हणून पुडीचा कागद सरळ केला. पेपर गेल्या आठवड्याचा होता. लग्नाच्या बातम्यांचं पान, मधोमध तिचा आणि नील्सचा फोटो. तिने बाहेर पाहिलं. लॉइडच्या गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. शेजारच्या जागेवर कोणीतरी बसलं होतं, हॅट खाली ओढून, डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून.

“पाच होती, बाई,” लॉइड हळूच म्हणाला. “एक त्यांनी तिथेच उघडलं. हात एकच उरला होता, म्हणून दातांनी. टोपी तेलाने मारलेली आणि आत दारूचा कणसुद्धा नव्हता. तेव्हापासून आमच्याच तळावर असतात, कधी खाली येतो म्हणाले नाहीत. परवा हा पेपर वाचला आणि म्हणाले, मला घेऊन चल.”

त्याने कप खाली ठेवला.

“म्हणाले, आर्डिथला सांग, मी गाडीत बसतो, घाई नाही. पण या खेपेला आत दारू भर.”