चौथा उमेदवार

शिक्षक निवडताना उमेदवार काळ्या काचेमागे बसत. यंत्र सगळ्यांचे आवाज सारखेच करी. नाव, जात, बाई की पुरुष, समितीला काही कळत नसे.

चौथ्या उमेदवाराने भाकरीच्या चतकोरावरून अपूर्णांक इतके सोपे करून सांगितले, की समितीने लगेच नेमणुकीवर सह्या केल्या. खूश होऊन मुख्याध्यापक राजवाडेंनी चहासाठी घंटी वाजवली.

“आले, सर,” काचेमागून चौथा उमेदवार म्हणाला.

अकरा वर्षं या घंटीला अशीच ओ द्यायच्या शाळेच्या शिपाई, विमल खंदारे.

काच वर सरकली. विमलबाई सवयीने दाराकडे निघाल्या होत्या.

“बसा, मॅडम,” म्हणत राजवाडे स्वतः उठले आणि दारात अडखळले. “तुम्हाला साखर किती?”

विमलबाईंना सगळ्यांची साखर पाठ होती. त्यांची आजवर कुणी विचारलीच नव्हती.